चित्रांतील चाक आणि रस्त्याचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषण)

अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ सालीं नामांतर होईपर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत त्या जिल्ह्यांत, ऊंसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे साखर कारखान्यांच्या रस्त्यांना गाड्यांच्या रांगा लागतात. लोणीजवळ प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ सालचा. त्या वेळेपासून ऊंसाच्या वाहतुकीचीं साधनें पुष्कळ बदललीं. ट्रॅक्टर आले, मालमोटारी आल्या. बैलगाडीचें उंच लांकडी चाक विरळ होत गेलें व त्याच्या जागीं रबरी धावेचें बुटकें चाक आलें. या नव्या गाडीला लोक टायरगाडी म्हणतात. चाक लहान झालें, धाव लोखंडाची होती ती रबराची झाली, परंतु चाकाचा आणि रस्त्याचा परस्परसंबंध मात्र तसूभरहि बदलला नाहीं.

या रस्त्यांच्या कडेला ज्यांचें लहानपण गेलें त्यांना चाकाचें फिरणें कोणी शिकवीत नाहीं. तें त्यांच्या डोळ्यांत आपोआप मुरतें. म्हणूनच संगणकावर चलच्चित्रें काढावयास शिकणाऱ्या एखाद्या तरुणानें पडद्यावर बैलगाडी चालवून दाखविली आणि तिचें चाक रस्त्याशीं इमान राखून फिरलें नाहीं, तर भूमितीचा गंधहि नसलेला प्रेक्षक तत्काळ हसतो. बैलांचीं वशिंडें, गाडीवानाचा पटका, चाकांमागें उडणारा फुफाटा हें सारें हुबेहूब साधलेलें असतें. परंतु चाक जरा मागें पडलें कीं गाडी बर्फावरून ओढल्यासारखी घसरूं लागते, आणि जरा पुढें गेलें कीं चिखलांत रुतल्यासारखी वाटते. एकदां हा संशय मनांत शिरला म्हणजे प्रेक्षकाचा त्या गाडीवरचा, गाडीवानावरचा आणि पुढें सांगितल्या जाणाऱ्या कथेवरचाहि विश्वास उडतो. चित्रकाराची सारी मेहनत अशा रीतीनें एका चाकापायीं पणाला लागलेली असते.

डोळा नेमका कशावर बोट ठेवतो, हें पाहण्यासारखें आहे. न घसरतां चालणाऱ्या चाकाचा जो बिंदु जमिनीला टेकलेला असतो, तो त्या क्षणापुरता अगदीं स्थिर असतो. गाडी पुढें जात असते; चाकाचा तुंबा गाडीच्याच वेगानें जात असतो; चाकाचा माथा तर गाडीच्या दुप्पट वेगानें धांवत असतो; पण तळचा बिंदु थांबलेला असतो. धांवत्या टांग्याच्या छायाचित्रांत वरचे आरे पुसट आणि खालचे आरे स्पष्ट उमटतात, तें याच कारणानें. चित्रांतील चाकाचा तळ जमिनीवरून सरकतांना दिसला, म्हणजे चाक आणि रस्ता यांच्यामधला हा करार मोडतो. प्रेक्षकाला करार सांगतां येत नाहीं; मोडलेला मात्र बरोबर कळतो.

चित्रें हातानें काढण्याच्या काळीं हा करार पाळण्याचें काम सर्वस्वी चित्रकाराच्या बोटांवर असे. महाराष्ट्राला ही कला नवीन नाहीं. प्रभात फिल्म कंपनीनें १९३४ सालीं ‘जंबुकाका’ हा व्यंगचित्रपट काढला होता. पुढें १९५६ च्या सुमारास मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्यें व्यंगचित्रपटांचा विभाग निघाला, आणि डिस्ने यांच्या चित्रशाळेंत काम केलेले क्लेअर वीक्स यांनीं तेथील तरुणांना या विद्येचे धडे दिले. चित्रपटांत दर सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांपुढून जातात. दहा सेकंदांच्या प्रसंगाला २४० चौकटी लागतात. एकच चित्र दोन दोन चौकटींना वापरून काटकसर केली तरी १२० चित्रें उरतातच, आणि प्रत्येक चित्रांत चाक आपल्या योग्य जागीं फिरलेलें असावें लागतें.

योग्य जागा कोणती, हें ठरविणारें गणित शाळेंतलेंच आहे. समजा, लांकडी चाकाचा व्यास १.४ मीटर आहे. त्याला २२/७ नें गुणिलें म्हणजे परीघ ४.४ मीटर येतो. अर्थात् चाकाचा एक फेरा पुरा झाला कीं गाडी ४.४ मीटर पुढें गेलेली असते. बैल सेकंदाला १.१ मीटर, म्हणजे तासाला सुमारें ४ किलोमीटर, या चालीनें चालत असतील तर चाक सेकंदाला पाव फेरा, म्हणजे ९० अंश फिरेल. ही फिरत २४ चौकटींत वांटली म्हणजे प्रत्येक चौकटीला पावणेचार अंश येतात. दहा सेकंदांत गाडी ११ मीटर जाईल व चाकाचे अडीच फेरे होतील. चाकाला बारा आरे असले तर दोन चाकांचे चोवीस आरे दर वेळीं बेताबेतानें पुढें सरकवून काढावयाचे. आणि इतकें झाल्यावर दिग्दर्शकानें गाडी अंमळ सावकाश हवी असें म्हटलें, कीं सारा हिशेब पुन्हां पहिल्यापासून.

संगणक आल्यावर रेखाटनाचे कष्ट वांचले, पण हिशेबाचे कष्ट तेवढ्यानें वांचले नाहींत. संगणकावर काम करणारा चित्रकार प्रत्येक चौकट काढीत नाहीं. गाडी आरंभीं कोठें आहे व शेवटीं कोठें आहे, एवढें तो सांगतो. मधल्या जागा यंत्र भरून काढतें. चाकाच्या बाबतींतहि आरंभीं शून्य अंश व शेवटीं ९०० अंश असें सांगितलें कीं काम भागेल, असें नवशिक्याला वाटतें. परंतु बैल जागेवरून हिसडा देऊन निघतात, हळूहळू चाल धरतात आणि थांबतांना पुन्हां मंदावतात. गाडीच्या गतीला हे चढउतार दिले व चाकाला दिले नाहींत, तर आरंभ आणि शेवट दोन्ही बरोबर असूनहि मधला सारा प्रवास खोटा ठरतो. चाक आणि गाडी यांना दोन स्वतंत्र आज्ञा दिल्या, कीं त्यांचें भांडण ठरलेलेंच.

यावरचा उपाय असा, कीं चाकाला स्वतंत्र आज्ञा देऊंच नये. चाकाचा कोन म्हणजे गाडीनें तोडलेलें अंतर भागिलें चाकाची त्रिज्या, असें सूत्र चाकाच्या जागीं लिहून ठेवावें, आणि पुढें केवळ गाडी चालवावी. गाडी हळू करा, चाक हळू होतें. गाडी थांबवा, चाक थांबतें. ‘माया’सारख्या व्यावसायिक प्रणालींत ही सोय आहे, आणि २००२ सालापासून सर्वांना मुक्त झालेल्या ‘ब्लेंडर’ या प्रणालींतहि आहे, ती वापरण्यास एक पैसाहि पडत नाहीं. येथें एक सावधगिरी हवी. अंतराला त्रिज्येनें भागल्यावर येणारा कोन अंशांत नसतो, रेडियन या मापांत असतो, आणि एक रेडियन म्हणजे सुमारें ५७.३ अंश. वरील उदाहरणांत ११ ला ०.७ नें भागिलें म्हणजे सुमारें १५.७ येतात, हेच ते ९०० अंश. जेथें प्रणालीला अंश हवे असतात तेथें १५.७ हाच आंकडा दिला, तर गाडी रस्ता ओलांडून जाते तरी चाक जेमतेम हललेलें दिसतें.

सूत्राचा दुसरा लाभ टायरगाडीवरून कळतो. तिच्या चाकाचा व्यास ०.७ मीटर धरला तर परीघ २.२ मीटर होतो. शेतापासून कारखाना ११ किलोमीटर असेल, तर लांकडी चाकाचे २,५०० फेरे होतील व रबरी चाकाचे ५,०००. सूत्रांत त्रिज्येचा एक आंकडा बदलला, कीं हा सगळा फरक यंत्र स्वतः सांभाळतें. सूक्ष्मतेची आवड असणाऱ्यांनीं आणखी एक गंमत पाहावी. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’मध्यें परिघासाठीं दोन गुणोत्तरें दिलीं आहेत: व्यवहाराकरितां २२/७ आणि सूक्ष्म गणिताकरितां ३९२७/१२५०. अकरा किलोमीटरांच्या वाटेवर पहिलें गुणोत्तर वापरलें तर अडीच हजार फेऱ्यांत सुमारें एका फेऱ्याची चूक पडते. दुसरें वापरलें तर ती चूक जवळजवळ नाहींशी होते. गाडीवानाला पहिलें पुरेसें आहे. संगणक दुसऱ्याहूनहि सूक्ष्म आंकडा वापरतो.

इथवर सर्व सोपें वाटतें, कारण आतांपर्यंतची गाडी सरळ व सपाट रस्त्यानें चालली होती. पाथर्डीकडे जातांना करंजीचा घाट लागतो. तेथें रस्ता चढतो आणि वळतोहि. ज्यानें सूत्रांत केवळ ‘डावीकडून उजवीकडे किती’ एवढेंच अंतर धरलें असेल, त्याचें चाक वळणावर फसतें. कारण गाडी पडद्याच्या आडव्या दिशेनें फारशी सरकत नसतांनाहि रस्ता तोडीतच असते. म्हणून अंतर मोजावयाचें तें वाटेच्या लांबीनें. वाट आधींच आंखलेली असेल, तर तिच्या एकूण लांबीपैकीं किती भाग संपला एवढें विचारलें कीं काम होतें. वाट आंखलेली नसेल, तर प्रत्येक चौकटीला गाडी मागच्या चौकटीपासून किती सरकली तें मोजावें व बेरीज करीत जावें. मोटारीचा अंतरमापक हेंच करतो.

या बेरजेंतहि दोन खांचखळगे आहेत. पहिला दिशेचा. नुसतें अंतर मोजलें तर गाडी मागें घेतांनाहि आंकडा वाढतच जातो, आणि चाक पुढेंच फिरत राहतें. म्हणून सरकणें गाडीच्या तोंडाच्या दिशेनें झालें कीं उलट, हें पाहून बेरीज किंवा वजाबाकी करावी लागते. आणि गाडी कडेनें उचलून ठेवली असेल तर तेवढें सरकणें हिशेबांत मुळींच धरूं नये. दुसरा खळगा स्मरणाचा. दोनशेंव्या चौकटींत चाक किती फिरलेलें असावें, हें पहिल्या एकशें नव्याण्णव चौकटी माहीत असल्याखेरीज सांगतां येत नाहीं. मोठ्या कामांत मात्र चौकटी अनेक यंत्रांना वांटून दिल्या जातात. एखाद्या यंत्राच्या वांट्याला एकदम दोनशेंवी चौकट येते, व तिचा पूर्वेतिहास त्याला ठाऊक नसतो. म्हणून शहाणा कारागीर संपूर्ण प्रसंग एकदां आरंभापासून अखेरपर्यंत चालवून प्रत्येक चौकटीचा कोन वहींत टिपल्यासारखा नोंदवून ठेवतो, आणि मगच काम वांटून देतो.

वळणाची गोष्ट निघाली म्हणून बैलगाडीचा एक सुंदर नियम सांगण्याजोगा आहे. तिचीं दोन चाकें एकाच कण्यावर असलीं तरी एकमेकांपासून मोकळीं फिरतात. गाडीनें वर्तुळाकार एक फेरी घातली तर बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक वाट चालावी लागते. किती अधिक? दोन चाकांमधलें अंतर १.४ मीटर असेल तर ८.८ मीटर अधिक, म्हणजे बरोबर दोन फेरे अधिक. मग ती फेरी खळ्याभोंवतीं असो वा सबंध गांवाभोंवतीं. वर्तुळ कितीहि मोठें घेतलें तरी हा फरक तोच राहतो. त्यामुळें दोन्ही चाकांना एकाच अंतराचें सूत्र लावणें ही चूक होय. प्रत्येक चाकानें स्वतःच्या पायाखालची वाट मोजली पाहिजे. मोटारीच्या पुढच्या चाकांना तर दोन कामें असतात: वळणें आणि फिरणें. हीं दोन्ही एकाच जागीं कोंबलीं कीं चाक वेडेंवांकडें डुलूं लागतें. म्हणून वळण्याचें काम बाहेरच्या सांगाड्याकडे सोंपवावें व फिरण्याचें आंतल्या चाकाकडे.

चाकाचा हा धर्म याहूनहि गुंतागुंतीच्या रूपांत पाहावयाचा असेल तर नगर शहराइतकें सोयीचें ठिकाण देशांत क्वचितच सांपडेल. तेथें चिलखती दलाच्या शिक्षणकेंद्रानें १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. पहिल्या पिढीची रोल्स-रॉइस चिलखती मोटार, भारतांत बनलेला ‘विजयंत’, शत्रूकडून जिंकून आणलेले ‘पॅटन’ असे अनेक नमुने तेथें उभे आहेत. रणगाड्याकडे पाहिल्यावर प्रथम वाटतें कीं येथें चाकाचा नियम संपला. कारण चाक जमिनीला शिवतच नाहीं. परंतु नीट पाहतां नियम तोच दिसतो. पोलादी पट्ट्याचा जो भाग जमिनीवर पडलेला असतो तो स्थिर असतो. रणगाडा स्वतःच अंथरलेल्या त्या रस्त्यावरून पुढें जातो व मागें पडलेला रस्ता उचलून पुन्हां पुढें अंथरतो. वरून परतणारा पट्टा रणगाड्याच्या दुप्पट वेगानें जात असतो. मोठीं चाकें सावकाश फिरतात, वरचे लहान रूळ भराभर फिरतात. पण परिघावर प्रत्येकाचा वेग एकच असतो. पट्टा ओढणाऱ्या दांतेरी चाकाचा हिशेब तर त्रिज्येनेंहि करावा लागत नाहीं. बारा दांते असले व पट्ट्याची एकेक कडी १५ सेंटिमीटरांची असली, तर एका फेऱ्यांत १.८ मीटर पट्टा सरकला. जागच्या जागीं वळतांना एक पट्टा पुढें व दुसरा मागें जातो, तेव्हां दोन बाजूंच्या चाकांचे कोनहि उलट दिशांनीं वाढतात. ज्यानें संग्रहालयांतला एक रणगाडा तासभर न्याहाळला, त्याला संगणकावर तो चालवितांना कोणाला विचारावें लागणार नाहीं.

याच शहरांत संरक्षण संशोधन संस्थेची वाहनांसाठीं स्वतंत्र संशोधनशाळा आहे. खऱ्या वाहनांचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: खरें चाक कधींच अक्षरशः न घसरतां चालत नाहीं. ओढणारें रबरी चाक किंचित् घसरतच पुढें जातें. एकदम गतिरोधक दाबला तर चाक थांबतें आणि गाडी तशीच पुढें जाते. श्रीरामपूर-कोपरगांवकडच्या काळ्या जमिनींत पावसाळ्यांत चाक रुतलें तर चाक फिरतें आणि गाडी जागची हलत नाहीं. अशा प्रसंगीं सूत्राची आज्ञा मानली तर चित्र खोटें होईल. म्हणून जाणता कारागीर सूत्राशेजारीं एक कळ राखून ठेवतो. तिच्या योगानें चाकाला हवें तेव्हां, हवें तेवढें सूत्रापासून सोडवितां येतें. ही कळ केव्हां फिरवावी तें यंत्र सांगत नाहीं. प्रसंग काय आहे, जमीन कशी आहे, गाडींत भार किती आहे, बैल दमले आहेत कीं ताजे आहेत, हें ज्याला ठाऊक आहे त्यानेंच तें ठरवावयाचें.

कधीं कधीं सूत्र अगदीं बरोबर असूनहि डोळा फसतो. बारा आऱ्यांचें चाक ३० अंश फिरलें कीं पुन्हां पूर्वींसारखेंच दिसतें. एका चौकटींत तें नेमकें ३० अंश फिरलें तर पडद्यावर थांबल्यासारखें दिसेल, आणि २७ अंश फिरलें तर उलटें फिरल्याचा भास होईल. बैलांच्या संथ चालीला ही भीति नाहीं. पण पांच आऱ्यांच्या ०.७ मीटर व्यासाच्या चाकाची मोटार पुणें-नगर रस्त्यावर तासाला ३८ किलोमीटरांच्या सुमारास आली कीं हा चमत्कार घडतो. तेव्हां आरे पुसट करावे, वेग थोडा बदलावा कीं चाक पडद्याआड ठेवावें, हा निर्णयहि माणसाकडेच येतो.

अमेरिकेंतील पिक्सार या चित्रसंस्थेनें २००६ सालीं ‘कार्स’ हा चित्रपट काढला. त्यांत मोटारी हींच पात्रें असल्यामुळें चाकें जमिनीला धरून ठेवण्याचें काम यंत्राकडे सोंपविण्यांत आलें होतें. त्यामुळें कलावंतांचे हात मोकळे राहिले, ते मोटारींच्या स्वभावासाठीं: कोणती ऐटीनें वळते, कोणती बिचकते, कोणती म्हातारी होऊन खुरडते यासाठीं. यंत्राला काम देण्याचा खरा लाभ हाच आहे. जो वेळ पावणेचार अंश मोजण्यांत जात असे, तो बैलाच्या मानेकडे व गाडीवानाच्या हाताकडे पाहण्यांत घालवितां येतो.

मात्र तो वेळ तसा घालविला पाहिजे. तयार सूत्र एका क्षणांत चिकटवितां येऊं लागलें, म्हणजे चाकाकडे पाहण्याचीच गरज उरली नाहीं असें वाटूं लागण्याचा धोका असतो. मग सपाट रस्त्यावरची गाडी बिनचूक चालते, आणि पहिल्या घाटांत, पहिल्या चिखलांत किंवा पहिल्या उलट फेऱ्यांत उघडी पडते; आणि कारागिराला चूक कोठें झाली तें कळत नाहीं, कारण सूत्र त्याला माहीत असतें, चाक माहीत नसतें. संगमनेर, श्रीरामपूर वा नगर येथें घरच्या संगणकावर ही विद्या शिकणाऱ्या मुलामुलींना महागडीं साधनें नसल्याची खंत वाटण्याचें कारण नाहीं. प्रणाली विनामूल्य आहे, गणित शाळेच्या पुस्तकांत आहे. आणि ज्या चाकावरून मुंबईच्या वा परदेशच्या चित्रशाळांतील कारागिराला छायाचित्रें पाहून तर्क करावा लागतो, तें चाक हंगामांत त्यांच्या दारावरून ऊंसाच्या ओझ्याखालीं करकरत जात असतें. तें जातांना दोन मिनिटें थांबून त्याच्या तळाकडे पाहावें. पुढचा हिशेब यंत्र करील.